छ शाळेचा ठिपका

आमच्या आत्याला आजवर कुणीही, काहीही, पहिल्या फटक्यात पटवून दिलेलं नाही. दूधवाला म्हणाला दूध ताजं आहे, की ती विचारणार, "कशावरून?" डॉक्टर म्हणाले उद्यापर्यंत बरं वाटेल, की तिचं ठरलेलं, "कशावरून?" माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा फार शांत स्वभावाचा आहे असं कुणीतरी कौतुकाने म्हणालं. आत्याने चहाचा कप खाली ठेवला. "कशावरून? किती वेळा भेटलात त्याला? आणि भेटलात तेव्हा त्याला भूक लागलेली होती का?" माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, कपाळाला हात लावून बसले. नवरा शांतच निघाला, पण आत्या अजून म्हणते की पुरेसा पुरावा हाती आलेला नाही.

हा स्वभाव तिने पोटापाण्याला लावला. ती संख्याशास्त्रज्ञ आहे. हवा किती खराब आहे, नदीत काय मिसळलंय, शाळेतली मुलं खरोखर वाचायला शिकतात की नुसती पाठ करतात, असल्या अभ्यासांची एक संस्था आहे, तिथे तिची नोकरी. आकडे गोळा करणारी माणसं वेगळी. ते आकडे आत्याच्या टेबलावर आले की ती त्यांना आलटून पालटून, उजेडात धरून बघते. ऑफिसात तिला चाळणीबाई म्हणतात, आणि तिला ते ठाऊक आहे. तिच्या खोलीत पाहुण्यांसाठी एकच खुर्ची आहे आणि तिचा एक पाय लटपटतो. मी म्हटलं, दुरुस्त का करून घेत नाहीस? म्हणाली, "अशा खुर्चीवर लोक मुद्द्याचं बोलतात आणि उठतात."

एकदा एका माणसाने हवेची मापं यंत्रावर न जाता घरी बसूनच लिहून पाठवली. आत्याने त्याला दोन दिवसांत पकडलं. कसं, तर त्याच्या आकड्यांच्या शेवटी शून्य आणि पाच फार वेळा यायचे. "माणूस मनाने आकडे लिहायला लागला की शून्य आणि पाच आपसूक हाताखाली येतात," ती मला सांगत होती. "खरी हवा इतकी नीटनेटकी नसते गं." हे सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता की मला त्या माणसाची दयाच आली.

मी स्वतः शिक्षिका आहे, चौथीचा वर्ग घेते. आमची शाळा खाणीच्या टेकडीखाली. वर खडी फोडायचं यंत्र, मध्ये रस्ता, आणि रस्त्याला लागून शाळा आणि वस्ती. वारा टेकडीकडून आला की सगळ्यावर पांढरी भुकटी बसते. फळ्यावर, डब्यांच्या झाकणांवर, पापण्यांवरसुद्धा. आमच्याकडे त्याची एक रीत पडून गेली आहे. सकाळी उठलं की घरातली बाई खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावरून बोट फिरवते. बोट पांढरं निघालं आणि घरातलं मूल खोकणारं असलं, की त्या दिवशी मूल घरी. ह्याला आम्ही खिडकीची सुट्टी म्हणतो. कुणी अर्ज देत नाही, कुणी विचारत नाही. मीही माझ्या मुलीसाठी तेच करते. ती माझ्याच वर्गात आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी कधी उभी राहिली नाही. दोन वर्षांपासून मात्र जिना चढली की मध्येच थांबते आणि चपलेचा पट्टा नीट करत असल्याचं नाटक करते.

आत्याच्या संस्थेने धुळीचा आणि मुलांच्या वाचनाचा काही संबंध आहे का ते बघायचं ठरवलं. शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि त्यांना क, ख, ग अशी अक्षरं दिली, म्हणजे आकडे तपासणाऱ्याला कुठली शाळा कुठली ते कळू नये. शाळांच्या गच्चीवर धूळ मोजणारी यंत्रं बसली. मग एक दिवस पाहणीच्या मुली आल्या आणि त्यांनी चौथीच्या मुलांची वाचनाची चाचणी घेतली. आम्हा शिक्षकांना वर्गाबाहेर काढलं. दाराला कडी. नियमच तसा होता, आणि तो कुणी केला होता हे मला वेगळं सांगायला नको. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, व्हरांड्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्याच शाळेत आपण चोर झालो की हो." मला हसू आलं. आत्याचा हात कुठेही ओळखू येतो.

निकाल आला तो खाणमालकाच्या माणसाच्या तोंडून. माणूस गोडबोल्या होता, आणि पाहणीचे कच्चे आकडे त्याच्यापर्यंत कुठूनसे आधीच पोचले होते. एका दुपारी तो शाळेत पुस्तकांचं एक नवंकोरं कपाट घेऊन आला. "तुमच्या शाळेने आमची अब्रू राखली," म्हणाला. "सगळ्यात जास्त धूळ तुमच्याकडे आणि सगळ्यात चांगलं वाचतात तुमचीच मुलं. आता आम्ही खडीच्या दुसऱ्या यंत्राची परवानगी मागतोय. धुळीने काही होत नाही, हे आता शास्त्रानेच सांगितलंय." मोठ्या बाईंनी त्याला पाणी विचारलं आणि कपाट ठेवून घेतलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. आम्ही शिकवतो बरं, पण सगळ्यात बरं? पाढे म्हणताना अर्धा वर्ग खोकणारी ही मुलं?

त्याच आठवड्यात आत्या घरी आली. आठवड्याच्या मधल्या वारी ती कधी येत नाही, तिचा वार रविवार. आली ती पर्स मांडीवरच धरून बसली.

"शाळेत नवीन कपाट आलंय म्हणे," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"आलंय की नाही?"

"आलंय. म्हणून काय झालं?"

"काही नाही." मग पर्स सावरत, "चाचणीतले उतारे तुम्हाला आधी कुणी दाखवले होते?"

मी भाजी चिरत होते. सुरी तशीच हातात राहिली. "आत्या, तू मला विचारते आहेस?"

"मी सगळ्यांना विचारते."

बाबा हल्ली आमच्याकडेच राहतात. ते आतून ऐकत होते, बाहेर आले. "अगं, घरच्या माणसावरसुद्धा? तिला लहानपणी तूच वाचायला शिकवलंस."

"म्हणून तर विचारायला आले दादा. दुसरी कुणी असती तर सरळ लिहून मोकळी झाले असते."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं का वाईट, ते मला आजही कळलेलं नाही. तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, काय लिहायचं ते लिही. पुढे ती ताकास तूर लागू देईना. चहाही न घेता गेली.

तिने काय लिहिलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. छ शाळेच्या चाचणीबद्दल दाट संशय आहे, शिक्षण खात्याने चौकशी करावी. छ शाळा म्हणजे आम्ही. तिच्या पडद्यावर एक आलेख होता, तो तिने नंतर मला दाखवला. आडवी धूळ, उभं वाचन, प्रत्येक शाळेचा एक ठिपका. धूळ वाढत जाते तसे ठिपके खाली उतरत जातात, एखाद्या उतारावरून मुलं रांगेने खाली यावीत तसे. आणि अगदी उजव्या टोकाला, जिथे धूळ सगळ्यात जास्त, तिथे एक ठिपका एकटाच वर बसलेला. त्या एका ठिपक्यामुळे ठिपक्यांमधून जाणारी सगळी रेघ सपाट होत होती. तो खरा असेल तर खाणमालक म्हणतो ते बरोबर, आणि खोटा असेल तर कुणीतरी खोटेपणा केलेला. आत्याला तिसरं काही सुचलं नाही. अक्षरांची यादी उघडून तिने छ कोण ते पाहिलं, तेव्हा भाचीचं नाव समोर आलं. ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, ही माझी नात्यातली आहे, दुसऱ्या कुणाला द्या. साहेब हसले. म्हणाले, "मग तर तुम्ही जास्तच कडक तपासाल." त्यांना आत्या चांगली ठाऊक होती.

शाळेत वातावरण नासलं. मोठ्या बाई माझ्याशी तुटक बोलू लागल्या. त्यांना वाटलं, उतारे घरच्या वाटेने माझ्यापर्यंत आले आणि आता भांडण झालं म्हणून आत्या उलटली. शेजारच्या वर्गाच्या बाई मी खोलीत शिरले की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, कपाट कुणी मागितलं होतं? मोठ्या बाईंनीच तर नाही ना? आणि रोज घरी जाताना वाटायचं की आत्याला मी कधी आवडतच नव्हते. असा संशय एकदा घरात शिरला की तो पायपुसण्याखाली, गादीखाली, सगळीकडे सापडतो. चौकशीत माझ्यावर ठपका आला असता तर नोकरी गेली असती. नोकरी गेली तरी मी काहीतरी केलं असतं. पण लबाड बाई म्हणून त्याच वस्तीत राहायचं, ह्या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

त्या रविवारी आत्या येणार नाही अशी माझी खात्री होती. ती आली. बाबांनी बोलावलं होतं. जेवण झाल्यावर मी भांडी घासायला घेतली, आणि बाहेरच्या खोलीतून आत्याचा आवाज आला. हळू, गोड, चौकशीचा.

"काय गं भिंगरी, त्या दिवशी ताया आल्या होत्या ना शाळेत, वाचून घ्यायला? कसं झालं?"

माझे हात साबणात थांबले. पोरीकडून काढून घेते आहे. माझ्याच घरात बसून, माझ्याच मुलीच्या तोंडून. मी तशीच ओल्या हातांनी दारापर्यंत गेले.

"आईने आधी वाचून घेतला होता का तो धडा?" आत्या विचारत होती.

"आत्या, बस झालं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "तिला मध्ये आणू नकोस."

पण भिंगरीला ह्यात वाद कुठे आहे ते कळत नव्हतं. ती जमिनीवर रंगीत खडू मांडत होती. "मी नव्हतेच त्या दिवशी," ती म्हणाली. "खिडकीची सुट्टी होती. माझ्याऐवजी जाडीला बसवलं. आणि जाडीच्या जुळ्या भावाला. तिने सांगितलं मला."

"तुझ्याऐवजी म्हणजे?"

"माझं नाव पुकारलं. मी नव्हते. मग त्या ताई म्हणाल्या, पुढचं कोण आहे? मग जाडी. आमच्या बाकावरचं कुणीच नव्हतं ना. आमच्या बाकावर सगळे खोकणारेच बसतात. दाराजवळ असतो तो बाक, बाहेर जायला बरं पडतं."

आत्याच्या हातात बिस्किट होतं, ते तिने परत बशीत ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खिडकीची सुट्टी काय असते?"

मी सांगितलं. रागातच सांगितलं. बोट, कट्टा, पांढरी भुकटी. त्या दिवशी सकाळी मीच बोट फिरवलं होतं आणि ते पीठ चाळल्यासारखं निघालं होतं. किती मुलं नसतात अशा दिवशी? निम्मा वर्ग. आणि नेहमी तीच, जी वर्षात कितीतरी दिवस नसतात, जी वाचनात मागे पडलेली आहेत.

"आणि तू हे मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस का? तू विचारलंस उतारे कुणी दाखवले. चाचणीच्या वेळी मला बाहेर काढून कडी लावली होतीत. मी आत असते तर तिथेच सांगितलं असतं की अहो, तुम्ही बोलावताय ती मुलं आज घरी खोकत बसली आहेत."

बाबा म्हणाले, "म्हणजे गैरहजर मुलाच्या जागी हजर असलेलं पुढचं मूल घ्यायचं. हे त्या मुलींनी आपल्या मनाने केलं का?"

"नाही दादा." आत्या खिडकीकडे बघत होती. "तो नियम माझा आहे. प्रत्येक शाळेतून सारख्याच संख्येने मुलं यावीत, कुठे कमी पडू नयेत म्हणून मीच लिहिलाय. सगळ्यात जास्त धुळीच्या दिवशी आम्ही गेलो आणि धुळीने ज्यांना काही झालं नाही तेवढ्यांनाच तपासून आलो." मग ती उठली, खिडकी उघडली आणि बाहेरच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. किती तरी वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. तिने आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतला होता, फक्त स्वतःचा नियम तेवढा सुटला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती एकदम म्हातारी दिसायला लागली होती.

परवानगीची बैठक चार दिवसांवर होती. मी जाणार नव्हते, पण बाबा म्हणाले, चल, तिच्या बाजूने कुणीतरी बसलं पाहिजे. लांबलचक टेबल, एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला खाणमालक आणि तो कपाटवाला माणूस. आत्या उभी राहिली आणि कागद न बघता बोलली. छ शाळेत कुणीही लबाडी केलेली नाही. चौकशीची मागणी मी मागे घेते. आणि धुळीने वाचनावर परिणाम होत नाही, हेही कुणी ह्या आकड्यांवरून म्हणू नये. चूक निवडीच्या नियमात आहे आणि तो नियम मी केला.

खाणमालक मुरलेला होता. त्याने आवाज चढवला नाही. "बाई, आकडा तुम्हाला आवडला नाही म्हणून आता तो बदलायचा का? आणि त्या शाळेत तुमची भाची आहे म्हणतात."

मी खुर्चीत आकसले. अधिकाऱ्यांनी माना वळवल्या. आत्याला राग येईल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा उलट सैल झाला. आपल्या धंद्यातलं कुणीतरी भेटल्यासारखा.

"तुम्ही संशय घेताय ते बरोबर आहे," ती म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. म्हणून राहिलेल्या मुलांची चाचणी मी घेणार नाही. मी खोलीतही नसेन. तुमचा माणूस बसवा. शाळेचीही एक बाई बसू दे, भाची सोडून. आणि जे येईल ते येईल."

ह्यावर त्याला नाही म्हणता येईना. दुसऱ्या यंत्राचा निर्णय तोवर पुढे ढकलला.

चाचणी एका स्वच्छ दिवशी ठेवली, बोट कोरंच निघेल अशा दिवशी, म्हणजे दाराजवळच्या बाकावरची सगळी मुलं येतील. मोठ्या बाई वर्गात बसल्या. पाहणीतली एक मुलगी समोर, कपाटवाला कोपऱ्यात. मी आई म्हणून बाहेर, आणि आत्या आत्याच म्हणून बाहेर. आम्ही दोघी पायरीवर बसलो. शाळेच्या पायरीवर ती मला एवढीशी दिसत होती. पर्स पुन्हा मांडीवर घट्ट.

"निदान भिंगरीची तरी तू घ्यायची होतीस," मी म्हटलं. "अनोळखी माणसांसमोर ती बुजते. त्यात तो कोपऱ्यात बसलेला. तू असतीस तर मोकळी वाचली असती."

"म्हणूनच नाही घेतली."

"म्हणजे? तू काय तिला सांगणार होतीस थोडंच?"

आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी घेतली असती तर मी मार्क वाढवले असते. ती मध्येच थांबली असती आणि मी घड्याळ बघायचं विसरले असते. मला माझा काही भरवसा वाटत नाही तिच्या बाबतीत." ती पर्सची चेन उघडत, मिटत होती. "तुझ्याही बाबतीत वाटला नाही. म्हणून तुला एवढं छळलं. तुझी बाजू घेईन, अशी धास्ती होती."

इतक्या वर्षांत ह्या बाईने मला जवळ घेतलेलं आठवत नाही. मला वाटायचं ती माझ्यावर संशय घेते. आणि ती इतके दिवस स्वतःच्या मायेवर पहारा ठेवून बसली होती. मला रडू आलं आणि तिचा रागही आला. दोन्ही एकदमच आलं.

आत भिंगरीचं नाव पुकारलं. खिडकी उघडी होती. तिचा आवाज आला, सुरुवातीला स्पष्ट. एक ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीच्या मध्ये खोकला. मग शांतता. पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून, पुन्हा तिथेच खोकला. आत्याने डोळे मिटून घेतले होते. तिचा हात माझ्या हातावर कधी आला ते मला कळलं नाही, पण तो पर्सपेक्षा घट्ट होता.

"वेळ संपली," आतून आवाज आला.

भिंगरी बाहेर आली. आमच्या समोर उभी राहिली, वाकली आणि चपलेचा पट्टा नीट करू लागली. पट्टा नीटच होता. श्वास खाली बसल्यावर तिने मान वर केली.

"आत्याआजी, माझा धडा संपला नाही," ती म्हणाली. "पण मला वाचता येतं. खरंच येतं. फक्त दम लागतो."

मी आत्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले, आणि तिचा तो ठरलेला शब्द येणार म्हणून मी वाटच बघत होते.

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली, आणि तिला पायरीवर बसायला जागा करून दिली.